दोन बोटं उंच

माझ्या भावाबद्दल लोक फार चांगलं बोलतात. कुणीही गाडीवेडा माणूस गाठा आणि विचारा, छोट्या हलक्या गाडीच्या इंजिनाची ताकद वाढवायची तर कुणाकडे जावं. तो सांगेल, वजनकाट्याकडे जा, तो फसवणार नाही. हे वाक्य कानावर पडलं की हल्ली मी तिथून उठून जाते. फसवणार नाही म्हणे. मी त्याची सख्खी धाकटी बहीण, त्याच्याच गॅरेजात सोळा वर्षं गाड्यांचं वायरिंग करतेय. मला विचारा ना एकदा.

वजनकाटा हे गिऱ्हाइकांनी पाडलेलं नाव. गॅरेजच्या दारातच एक काटा आहे, पोती मोजायचा असतो तसला लोखंडी. गाडीतून काढलेली प्रत्येक वस्तू आधी त्याच्यावर जाते. सीट, स्टेपनी, दाराचा पत्रा, पायाखालचा गालिचा. मग मालक. आमचे एक दाताचे डॉक्टर आहेत, ते पहिल्यांदा आले ते 'टर्बो बसवा' म्हणतच. दादाने त्यांना काट्यावर उभं केलं आणि म्हणाला, "ब्याण्णव. डॉक्टर, तुमची गाडी सहाशे चाळीस किलोची. एवढ्याशा गाडीत दहा किलो कमी केले की दोन घोड्यांची ताकद फुकट मिळते. तुमच्या पोटातच चार घोडे बांधलेत. आधी ते सोडा, मग टर्बोचं बोलू." डॉक्टर खूप हसले, आणि पुढच्या महिन्यात आणखी तीन किलो घेऊन आले.

असा माणूस. शाळा अर्धवट सोडून लेथवर उभा राहिलेला, कान इतका तयार की चालू इंजिनाशेजारी उभा राहून कुठल्या सिलिंडरचा प्लग कंटाळलाय ते सांगतो. बोलणं मोजकं. चहा निम्माच घेतो आणि तोही थंड. आईबाबा गेले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, तो एकतीसचा. मला त्यानेच सांभाळलं, त्यानेच गाडी शिकवली, सोल्डरिंगची कांडी हातात त्यानेच दिली. मला तो छकुली म्हणतो. मी एकोणचाळीस वर्षांची आहे. बॅटरी एकटीने उचलते. तरी छकुली.

आता माझी गाडी. डॉक्टरांची आहे त्याच मॉडेलची, दोन सीटची, छप्पर नसल्यात जमा, बसलं की रस्ता हाताला लागेल इतकी खाली. भंगारातून आणून आम्ही दोघांनी उभी केली. तिचं आधीचं इंजिन म्हातारं होतं, सहा वर्षांपूर्वी दादाने ते उतरवून दुसरं बांधलं, प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र थ्रॉटल, म्हणजे हवा आत सोडणारी झडप, आणि वरचं सिलिंडर हेड त्याने स्वतःच्या हाताने घासलेलं. रोलरवर चढवून मोजलं तेव्हा एकशे अडतीस घोडे भरले. तो कागद अजून भिंतीला चिकटवलेला आहे. मी त्याच्यासमोर उभी राहून चार लोकांना सांगितलंय, माझ्या भावाने केलंय हे.

आणि मला काय हवं होतं तेही सांगते, कारण सगळा राग तिथला आहे. आमच्या इथे वर्षातून एकदा घाटाची शर्यत होते. अडीच किलोमीटर चढ, अकरा वळणं, एका वेळी एकच गाडी, घड्याळाशी भांडण. वर कँटीनच्या भिंतीवर एक फलक आहे. लहान गाड्यांमध्ये जो कुणी दोन मिनिटांच्या आत चढला, त्याचं नाव त्या फलकावर रंगवतात. नऊ नावं आहेत. मला दहावं व्हायचं होतं. का म्हणाल तर उत्तर नाही. काही माणसांना घर बांधायचं असतं, मला त्या भिंतीवर नाव हवं होतं. माझा सगळ्यात चांगला वेळ दोन मिनिटं एक सेकंद आणि दोन दशांश. तीन वर्षं तिथेच अडकले होते. आणि गेल्या वर्षी फलकावर नववं नाव कुणाचं लागलं? डॉक्टरांचं. एक मिनिट एकोणसाठ पूर्णांक आठ. पंचाण्णव किलोचा माणूस, वळणावर स्टिअरिंग असं फिरवतो की कुणाची तरी दाढ उपटतोय.

माझी अडचण मला ठाऊक होती. खालून गाडी मस्त उचलायची, पण इंजिनाचे फेरे वर गेले की दम संपायचा. पाचव्या आणि नवव्या वळणानंतरच्या सरळ रस्त्यावर पाय पार खाली दाबला तरी पुढे काही नाही. मी दादाकडे जाऊन म्हणायची, ताकद वाढव.

आणि दादा मला समजावायचा. किती शांतपणे समजावायचा.

टर्बो? "टर्बो उशिरा जागा होतो, छकुली. जागा झाला की एकदम सगळं देतो. जड गाडी ते सोसते. तुझी वळणाच्या मध्यात असेल आणि मागची चाकं सुटतील." सुपरचार्जर? "तो लगेच देतो, पण पंचवीस-तीस किलो नाकावर. या गाडीचं सुख नाकात आहे, ते घालवायचं का?" मोठं इंजिन? "मग ती गाडी राहणार नाही, ओझ्याची सायकल होईल." बरं, निदान कॅम बदल, झडपा जास्त वेळ उघड्या ठेवणारा घाल. "त्याने वर मिळेल, खालचं जाईल. चढावर खालचंच लागतं." मग करायचं काय? "टायर बघ. ब्रेक बघ. वजन काढ. आणि जे आहे ते आधी पूर्ण वापर."

जे आहे ते आधी पूर्ण वापर. हे वाक्य त्याने मला तोंड वर करून सांगितलं, एकदा नाही, निदान वीसदा. मी ऐकलं. सीटचा फोम काढला, सहा वर्षं पत्र्यावर बसून पाठ मोडून घेतली. वायरिंग हार्नेस नव्याने विणून चार किलो वाचवले. स्वतः सात किलो उतरले. आणि दादाने सांगितलेलं एकूण एक खरं होतं, कुठल्याही जाणकाराला विचारा, हेच सांगेल. त्याचाच तर संताप आहे. खोटं बोलला असता तर कधीतरी पकडलं असतं.

पकडलं ते या वर्षी, शर्यतीच्या तीन दिवस आधी. शर्यतही साधी नव्हती, शेवटची होती. घाट रुंद करणार आहेत, वळणं कापून सरळ करणार आहेत. कडेला खुंट्या ठोकून झाल्या होत्या. यंदाची शर्यत झाली की रस्ता बंद, फलकही बंद. नऊ नावांवर तरी नाहीतर दहावर तरी.

त्याच्या आठवडाभर आधी दादा शिडीवरून पडला आणि उजवं मनगट मोडून बसला. गुरुवारी सकाळी वहिनी त्याला प्लास्टर दाखवायला दवाखान्यात घेऊन गेली. मी गॅरेजात एकटी. म्हटलं, गाडी एकदा रोलरवर मोजून घेऊ, इंजिन थकलंय का बघू.

इथे आमची मोजायची रीत सांगितली पाहिजे. बाकी सगळीकडे गाडी रोलरवर चढवतात, आत बसलेला माणूस पायाने अॅक्सिलरेटर दाबतो आणि कॉम्प्युटर ताकद लिहून घेतो. आमच्याकडे दादा तसं करू देत नाही. आतल्या माणसाने फक्त क्लच आणि गिअर सांभाळायचा. दादा बॉनेट उघडून इंजिनाशेजारी उभा राहतो आणि थ्रॉटल स्वतःच्या हाताने उघडतो. म्हणतो, कान जवळ असला की मला कळतं. सगळ्यांच्या गाड्यांना हेच, त्यामुळे यात काही विचित्र आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही. माझी गाडी दर वर्षी अशीच मोजली गेली. दर वर्षी एकशे अडतीस, फार तर सदतीस.

त्या दिवशी दादा नव्हता, म्हणून मी जगात सगळे करतात तसं केलं. आत बसले, चौथा गिअर टाकला, पाय पार खाली दाबला. कॉम्प्युटर म्हणाला एकशे सतरा.

मला वाटलं यंत्र बिघडलं. पुन्हा केलं. एकशे सतरा. हवेचा फिल्टर काढून केलं. एकशे अठरा. एकवीस घोडे म्हणजे काय गंमत आहे? इंजिन मेलं असंच मी धरून चालले. तेवढ्यात डॉक्टर आले, त्यांची गाडी न्यायला. मी त्यांना काही न सांगता माझ्या सीटवर बसवलं, म्हटलं क्लच सांभाळा, अॅक्सिलरेटरला पाय लावू नका. बॉनेटपाशी गेले आणि दादासारखं हाताने थ्रॉटल पूर्ण उघडलं.

एकशे अडतीस.

डॉक्टर म्हणाले, "वाढले की. काय केलंत?"

"काही नाही केलं," मी म्हणाले. "उतरा."

अॅक्सिलरेटरच्या पॅडलखाली फ्लोअरला एक बोल्ट असतो. पाय जोरात दाबला तर केबल ताणून तुटू नये म्हणून पॅडल तिथे अडतं. साधी गोष्ट आहे, सगळ्या गाड्यांत असते. वायरिंग करताना मी तो बोल्ट शंभरदा पाहिला असेल. त्या दिवशी टॉर्च तोंडात धरून, डोकं खाली घालून, पहिल्यांदा नीट पाहिला. दोन बोटं उंच होता. जितका हवा त्यापेक्षा दोन बोटं. खाली, बोल्ट जागचा हलू नये म्हणून, चेकनट घट्ट आवळलेला आणि वरून काळा रंग, नजरेत येऊ नये म्हणून. म्हणजे मी पाय पार खाली दाबला तरी इंजिनाची झडप पाऊणच उघडायची. मग डॉक्टरांच्या गाडीत डोकावले. बोल्ट जिथे हवा तिथे, बरोबर खाली.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती कशी जाते ते मला त्या दिवशी कळलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, पण कळसा माझ्या काखेत लपवला कुणी? जगात लोक आपल्या माणसाला झुकतं माप देतात आणि परक्याला मापात मारतात. आमच्या घरी उलटा न्याय. दाताच्या डॉक्टरला पूर्ण इंजिन आणि बहिणीला पाऊण. तीन वर्षं मी त्याच्याकडे जी ताकद मागत होते ती भंगारातल्या त्या गाडीत आधीच होती. आणि तो मला म्हणत होता, जे आहे ते आधी पूर्ण वापर.

दुपारी दोघं परत आली. मी दोन कागद दादाच्या हातात दिले, एकशे सतराचा आणि एकशे अडतीसचा. तो कागद बघत राहिला. माणूस चोरी पकडल्यावर जसा चेहरा करतो तसा त्याने केला नाही. दमलेला दिसला, बस.

"कधीपासून?" मी विचारलं.

"इंजिन बसवलं तेव्हापासून."

"सहा वर्षं."

"हो."

वहिनी मध्ये पडली. "अगं, तो रात्रीचा झोपत नसे शर्यतीच्या आधी—"

"म्हणजे वहिनी, तुम्हालाही माहीत होतं." ती दवाखान्याचे कागद पिशवीत भरायला लागली. म्हणजे होतं. मी रडले नाही, पण ओरडले, भरपूर ओरडले. काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. बाप गेल्यावर बापाची खुर्ची रिकामी दिसली म्हणून बसलास, असंही बोलले. तो शेवटी म्हणाला, "सातव्या वळणावर तू पाय उचलत नाहीस."

सातवं वळण घाटातलं सगळ्यात वाईट. आधी कळत नाही, डावीकडे जातं आणि जाता जाता आणखी आवळतं, बाहेर दरी.

"जुन्या इंजिनावर मी तुझ्या शेजारी बसलो होतो," दादा म्हणाला. "तू पाय उचलला नाहीस. मला वाटलं शिकशील. मग दर वर्षी मी तिथेच उभा राहतो, तुला ठाऊक आहे. सहा वर्षं कान देऊन ऐकतोय. एकदाही नाही उचललास. डॉक्टर घाबरतात. सगळे घाबरतात, म्हणून मी त्यांना मागतील ते देतो. तू घाबरत नाहीस."

"मग हे मला सांगायचं होतंस. तोंड नव्हतं?"

"सांगितलं असतं तर तू बोल्ट काढला असतास."

काढलाच असता. मी दहाचा पाना त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, "तू बसवलास, तू काढ. आत्ता." वहिनी म्हणाली त्याचा हात मोडलाय. मी म्हणाले, डावा शाबूत आहे. एक्कावन्न वर्षांचा माणूस प्लास्टरचा हात छातीशी धरून त्या चिमुकल्या गाडीत उलटा झाला आणि डाव्या हाताने चेकनट सोडवू लागला. वीस मिनिटं लागली. पाना तीनदा निसटला. मी मदत केली नाही. आज विचाराल तरी त्याचं मला वाईट वाटत नाही.

रविवारी शर्यत. प्रत्येकाला दोन फेऱ्या, सराव नाही, कारण एरवी तो वाहता रस्ता. पहिल्या फेरीत मी निघाले आणि दुसऱ्याच वळणाला माझी फजिती झाली. गाडी तीच, आवाज तोच, पण वळणं आधी यायला लागली. सहा वर्षं मी तो रस्ता पाठ केला होता, कुठल्या झाडाशी ब्रेक, कुठल्या दगडाशी गिअर. एकही खूण जागेवर नव्हती. मी सगळीकडे लवकर ब्रेक मारला, शिकाऊ पोरीसारखा. वर घड्याळ म्हणालं दोन मिनिटं साडेतीन सेकंद. पाऊण इंजिनावर मी याहून वेगात चढत होते. वर उभे असलेले लोक सहानुभूतीने बघत होते. डॉक्टरांनी पाण्याची बाटली पुढे केली, आणि मी ती घेतली, कारण त्यांचा काय दोष?

दुसरी फेरी दुपारी. पाचव्या वळणानंतरच्या सरळ रस्त्यावर पाय पार खाली गेला, आणि इंजिन वर, आणखी वर ओढत राहिलं, जिथे ते नेहमी थकायचं तिथून पुढेही. तीन वर्षं मी ज्याच्यासाठी भीक मागितली ते हे. मला इतका आनंद झाला आणि त्याच क्षणी इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. सहावं गेलं. सातवं समोर आलं, कधी नव्हे इतक्या वेगात. आणि माझा पाय उचलला गेला. कुणी सांगायला नव्हतं, विचार करायला वेळ नव्हता. पाय वर आला, नाक आत वळलं, गाडी दरीच्या बाजूला हातभर जागा सोडून निघाली, आणि मी पुन्हा दाबला. कठड्यामागे दादाचं पांढरं प्लास्टर दिसलं आणि मागे पडलं.

दोन मिनिटं शून्य पूर्णांक तीन.

तीन दशांश. चुटकी वाजवायला याहून जास्त वेळ लागतो. कँटीनच्या भिंतीवर फलकासमोर रंगारी डबा उघडून बसला होता, त्याने डब्याचं झाकण लावलं. मी गाडीतून उतरले नाही. हेल्मेट मांडीवर ठेवून बसून राहिले.

दादा सातव्या वळणापासून चालत वर आला. एक किलोमीटर चढ, हात गळ्यात अडकवलेला. घामाने भिजला होता. दाराशी येऊन वाकला.

"पाय उचललास," तो म्हणाला.

"उचलावा लागला," मी म्हणाले. "आधी लागतच नव्हता, दादा. तुझ्या पाऊण इंजिनावर ते वळण पूर्ण दाबून निघतं. जुन्यावर तर झोपेतही निघालं असतं. कशाला उचलायचा होता मी? तूच उचलायची वेळ येऊ दिली नाहीस, आणि मग सहा वर्षं तिथे उभा राहून मोजत बसलास की ही उचलत नाही."

आयुष्यभर माणसं, सीटा, पत्रे तोलणारा माझा भाऊ. त्याने डावा हात दारावर टेकला. खाली रस्त्याच्या कडेला खुंट्या बांधलेल्या दोऱ्या वाऱ्याने हलत होत्या.

तो म्हणाला, "अजून दोन फेऱ्या मिळाल्या असत्या तर झालं असतं."

"सहा वर्षं होती," मी म्हणाले.